अडलेल्याच्या दारी : बयान्याच्या व्यापाराचा धर्मविचार

दिल्ली आणि तिच्याभोवतीच्या गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद या शहरांत घरांच्या खरेदी-विक्रीचा एक प्रकार असा आहे, की त्यात सौदा करणाऱ्याला घर मुळी नकोच असते. तो मालकाशी भाव ठरवतो, किमतीचा थोडा भाग आगाऊ देतो, उरलेली रक्कम देण्यासाठी दोन-तीन महिन्यांची मुदत मागून घेतो, आणि ती मुदत संपण्याच्या आत त्याहून चढ्या भावाने तेच घर घेणारा दुसरा माणूस गाठून त्याच्या हाती तो करार सोपवतो. मधला फरक हा त्याचा नफा. या आगाऊ रकमेला तिकडे ‘बयाना’ म्हणतात, आणि हा शब्द विक्री या अर्थाच्या ‘बै’ या अरबी शब्दापासून फारसीत बनलेला आहे. मराठीत जिला इसार म्हणतात आणि जी दिल्यावर इसारपावती किंवा साठेखत होते, तीच ही रक्कम. अमेरिकेत याच धंद्याला घाऊक व्यापाराचे नाव आहे, आणि तेथे त्याचे शिक्षण देणारे वर्ग चालतात, ज्यांत पहिला धडा असतो तो विकायला निघालेला, म्हणजे ज्याला विकण्याची घाई आहे असा मालक कसा शोधावा आणि त्याच्याशी संपर्क कसा साधावा, याचा.

या मालकाला इंग्रजीत जे विशेषण लावतात त्याचा अर्थ ‘प्रेरित’ असा होतो, जणू त्याला आतूनच काही स्फुरले आहे. दिल्लीतला प्रॉपर्टी डीलर त्याला ‘मजबूर पार्टी’ म्हणतो. मराठीत त्याच्यासाठी ‘अडलेला’ आणि ‘नडलेला’ हे दोन शब्द आहेत, आणि ते अधिक खरे आहेत, कारण त्यांत विकणाऱ्याची इच्छा सांगितलेली नसून त्याची वाट कशाने तरी अडली आहे एवढेच सांगितलेले आहे. गरजवंताला अक्कल नसते ही म्हण त्याची बुद्धी काढण्यासाठी नाही. गरज ही बुद्धीला मोकळेपणाने चालू देत नाही, हे अनुभवाने कळलेले सत्य तिच्यात आहे. प्रश्न असा, की दुसऱ्याची नड मुद्दाम हुडकून काढून तिच्या दारी जाणे हे कर्म धर्माच्या दृष्टीने कसे आहे. कमी भावात घेणे योग्य की अयोग्य, हा निराळा आणि त्यामानाने सोपा प्रश्न आहे. येथे विचार करायचा आहे तो त्या आधीच्या पावलाचा, म्हणजे शोधण्याचा.

नड कोठे असते हे दिल्लीत कळायला अवघड नाही. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांसाठी लाजपत नगर, राजेंद्र नगर, पटेल नगर, मालवीय नगर अशा वसाहती उभ्या राहिल्या, आणि तेथे ज्यांना प्लॉट मिळाले त्यांची आज तिसरी पिढी आहे. एका भावाला दुसऱ्याचा हिस्सा विकत घेणे परवडू नये इतकी जमिनीची किंमत वाढल्यामुळे वाटणीचा प्रत्येक तंटा विक्रीकडे ढकलला जातो. असे दावे ज्या न्यायालयांत चालतात त्यांच्या दैनंदिन याद्या कोणालाही पाहता येतात. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली, म्हणजे न्यायालयात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना देणाऱ्या कायद्याखाली, ताब्याची सूचना दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते आणि त्यांपैकी एक स्थानिक भाषेतले असावे लागते. त्याच पानांवर उठाला, म्हणजे मृत्यूनंतरची शोकसभा, आणि तेरवी यांच्या जाहिराती असतात. मुले परदेशी गेलेल्या वृद्ध दांपत्याच्या घरी दिवा कधी लागतो आणि रुग्णवाहिका कधी येते, हे गल्लीच्या तोंडाशी टेबल लावून कपड्यांना इस्त्री करणाऱ्याला आणि फाटकावरच्या चौकीदाराला ठाऊक असते. माहिती अशी विखुरलेली आहे, आणि कायद्याने तिच्यातली बरीचशी उघडी ठेवली आहे ती चांगल्या हेतूने : कर्जदाराला सूचना मिळावी, लिलाव लपून होऊ नये, आप्तेष्टांना शोकसभेला येता यावे. ज्या हेतूने माहिती उघडी झाली त्या हेतूला सोडून तीच माहिती सावज हेरण्यासाठी वापरणे हा या कर्मातला पहिला खोटेपणा होय, जरी त्यात एकही शब्द खोटा बोललेला नसला तरी.

या धंद्याचे समर्थन मात्र दुर्बळ नाही आणि ते नीट ऐकले पाहिजे. समजा, राजौरी गार्डनमधल्या एका विधवेवर पतीच्या आजारपणाचे कर्ज आहे, घराचे कागद अर्धवट आहेत, बँक अशा घरावर खरेदीदाराला कर्ज देत नाही, आणि महिनाभरात पैसे उभे करायचे आहेत. तिच्या दारी जो बयाना घेऊन येतो तो तिला अशी एक गोष्ट देतो जी दुसरे कोणी देत नाही, आणि ती गोष्ट म्हणजे वेळेवर पैसा. घाईची किंमत असते. कागदांतला दोष स्वतःच्या डोक्यावर घेण्याचीही किंमत असते. खरेदीदार न मिळाल्यास बयाना बुडण्याचा धोका मध्यस्थच पत्करतो. शिवाय तो आला नसता तर तिची नड नाहीशी झाली नसती. हे सगळे खरे आहे, आणि जो या व्यवसायाला सरसकट लुटारूपणा म्हणतो त्याने या विधवेपुढे दुसरा कोणता मार्ग ठेवला आहे हे सांगितले पाहिजे.

तरीही या समर्थनात एक जागा रिकामी राहते. नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात ॲरिस्टॉटल वादळात सापडलेल्या जहाजाचे उदाहरण घेतो. जीव वाचवण्यासाठी माल समुद्रात फेकणारा तो स्वेच्छेने फेकतो की अनिच्छेने, याचे उत्तर त्याने असे दिले, की अशी कृत्ये मिश्र असतात : त्या क्षणी ती निवडलेली असतात, पण परिस्थिती बाजूला ठेवली तर कोणीही ती निवडणार नाही. अडलेल्याची संमती अशीच मिश्र असते, आणि म्हणून ‘त्याने राजीखुशीने सही केली’ एवढ्यावर विचार थांबत नाही. पण ॲरिस्टॉटलच्या उदाहरणात वादळ आणि माणूस एवढेच आहेत. येथे तिसरा आहे, जो वादळाची बातमी मिळवून होडी घेऊन निघाला आहे आणि फेकलेला माल उचलणार आहे. त्या तिसऱ्याचा न्याय करायचा तर विकणाऱ्याच्या अवस्थेतल्या तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. पहिली त्याची नड; दुसरी त्याचे अज्ञान, म्हणजे आपल्या घराला बाजारात काय मिळू शकते हे त्याला ठाऊक नसणे; आणि तिसरी त्याचा एकटेपणा, म्हणजे ज्यांना विचारता येईल अशी माणसे त्या घडीला त्याच्याजवळ नसणे किंवा लाजेपोटी त्याने त्यांना न विचारणे. नडीची किंमत घेणे कदाचित क्षम्य ठरेल, कारण ती खरोखर भागवली जाते. अज्ञानाची आणि एकटेपणाची किंमत घेणाऱ्याने मात्र त्या बदल्यात काहीच दिलेले नसते.

भारतीय शास्त्रपरंपरेने हा एकटेपणा ओळखला होता, याचा सर्वांत ठळक पुरावा कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात आहे. तेथे वास्तुविक्रयाचा, म्हणजे घर, शेत, बाग, तळे अशा स्थावराच्या विक्रीचा, जो विधी सांगितला आहे त्यानुसार विकत घेण्याचा हक्क क्रमाने नातलग, शेजारी आणि धनको यांना पोचतो, आणि त्यांच्यानंतरच बाहेरच्याला. घर विकायचे असेल तर ते त्या घराच्या समोर, शेजारच्या चाळीस कुळांच्या उपस्थितीत पुकारावे; अमुक किमतीला कोण घेतो असे तीनदा विचारावे; कोणी हरकत घेतली नाही तरच घेणाऱ्याला ते मिळावे. बोली लागून किंमत चढली तर चढलेली रक्कम शुल्कासह राजाच्या कोषात जाते. हा शेवटचा नियम पाहता कौटिल्याच्या मनात केवळ विकणाऱ्याची दया होती असे म्हणता येत नाही, कारण वाढलेल्या भावाचा लाभ त्यालाही मिळत नाही. परंतु या रचनेचा परिणाम असा होतो, की चाळीस घरांच्या कानावर गेल्याशिवाय कोणतेही घर हात बदलत नाही. बंद दाराआड ठरलेला भाव आणि उघड्या बाजारातला भाव यांच्या फरकावर जगणाऱ्याला या व्यवस्थेत जागाच उरत नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात याला जोडणारा आणखी एक नियम आहे : खरेदी किंवा विक्री केल्यावर ज्याला पश्चात्ताप होईल त्याने दहा दिवसांच्या आत वस्तू परत करावी किंवा परत घ्यावी. या पश्चात्तापाला धर्मशास्त्रात ‘अनुशय’ म्हणतात, आणि त्याला व्यवहारपदांत, म्हणजे न्यायालयात नेण्याजोग्या विषयांत, स्वतंत्र स्थान आहे. घाईत दिलेल्या शब्दाला शास्त्राने दहा दिवसांची उसंत दिली होती. आजचे साठेखत सही झाल्या क्षणापासून बांधते.

शोधण्याच्या कर्माविषयी अधिक सूक्ष्म विचार जैन परंपरेत आढळतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे, म्हणजे न दिलेले न घेण्याच्या व्रताचे, जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत चोरीला उत्तेजन देणे, चोरीचा माल घेणे, खोटी मापे वापरणे आणि भेसळ करणे यांच्या जोडीला ‘विरुद्धराज्यातिक्रम’ असा एक आहे. अतिचार म्हणजे व्रत पूर्ण मोडले नाही, पण त्याला तडा गेला अशी अवस्था. पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धी या टीकेत त्याचा अर्थ असा उलगडला आहे, की जेथे राज्याची घडी विस्कटली आहे तेथे भारी मोलाच्या वस्तू थोडक्या मोलात मिळतील म्हणून केलेला प्रयत्न हा अचौर्याचा दोष आहे. या विवरणातला वजनदार शब्द ‘प्रयत्न’ हा आहे. संकटात सापडलेल्याची वस्तू योगायोगाने स्वस्तात पदरी पडणे आणि संकटाचा माग काढत तेथे पोचणे, यांत टीकाकाराने फरक केला आहे, आणि दोष माग काढण्यात ठेवला आहे. दिल्लीला विस्कटलेल्या राज्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. १९४७ मध्ये घरे सोडून जाणाऱ्यांनी जे व्यवहार केले त्यांबाबत १९५० च्या निष्क्रांत मालमत्ता कायद्याने अशी तरतूद केली, की १४ ऑगस्ट १९४७ नंतर निष्क्रांताने केलेले हस्तांतरण कस्टोडियनने, म्हणजे अशा मालमत्तेसाठी नेमलेल्या सरकारी रक्षकाने, पुष्टी दिल्याखेरीज परिणामकारक ठरू नये. त्या कायद्याचे हेतू अनेक होते आणि त्याने काहींवर अन्यायही केला. परंतु भयाच्या दिवसांत झालेला सौदा इतर सौद्यांसारखा मानता येत नाही, हे तत्त्व त्यात होते.

इस्लामी व्यवहारशास्त्रातला एक निषेध या विषयाला इतका नेमका लागू पडतो, की तो येथे सांगितलाच पाहिजे. माल घेऊन येणारा तांडा बाजारात पोचण्याआधीच वाटेत गाठून त्याच्याकडून खरेदी करण्याला ‘तलक्की’ म्हणतात, आणि हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या परंपरेत, ती मना केलेली आहे. शिवाय असा सौदा झालाच तर बाजारात पोचून भाव कळल्यावर तो मोडण्याचा अधिकार विकणाऱ्याला दिलेला आहे. वाटेत भेटणारा व्यापारी खोटे बोलतो असे कोठेही म्हटलेले नाही. त्याचे चुकते ते एवढेच, की विकणारा आणि बाजार यांची भेट होण्याच्या आत तो मध्ये उभा राहतो. ताब्यात न आलेली वस्तू पुढे विकण्याचाही सामान्य निषेध आहे, मात्र हनफी पंथात, जो दिल्लीत शतकानुशतके न्यायाचा आधार होता, अबू हनीफा आणि अबू युसुफ यांनी स्थावराला त्यातून सूट दिली, कारण जमीन नष्ट होण्याची भीती नसते. त्यांचेच सहकारी मुहंमद यांनी ही सूट मान्य केली नाही. बयान्यावर घर पुढे देणारा आज या सुटीचा आधार घेऊ शकेल असे वाटते, पण ती सूट विकत घेतलेल्या जमिनीसाठी आहे, आणि मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ याच्या कलम ५४ नुसार विक्रीच्या करारामुळे मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. म्हणजे तो जे पुढे विकतो ते घर नव्हेच. अडलेल्या माणसाने एका घडीला दिलेला शब्द तो विकतो.

आजच्या भारतीय कायद्यात या चिंतेचे धागे तुटक तुटक सापडतात. करार कायदा, १८७२ म्हणतो की केवळ मोबदला अपुरा आहे म्हणून करार रद्द होत नाही, पण संमती मोकळी होती का हे ठरवताना न्यायालयाने तो अपुरेपणा विचारात घ्यावा. त्याच कायद्यानुसार बोलण्याचे कर्तव्य नसेल तेथे गप्प राहणे ही फसवणूक नाही. मग बोलण्याचे कर्तव्य केव्हा असते? मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ मध्ये याचे एक फार सुंदर उत्तर आहे, ज्याची चर्चा क्वचितच होते : विकणाऱ्याच्या हक्काचे स्वरूप किंवा व्याप्ती यांविषयी अशी एखादी गोष्ट घेणाऱ्याला ठाऊक असेल, जिच्यामुळे त्या हक्काचे मोल बरेच वाढते आणि जी विकणाऱ्याला ठाऊक नाही असे मानायला जागा आहे, तर ती घेणाऱ्याने सांगितली पाहिजे, आणि न सांगणे हे कपट मानले जाते. हे कर्तव्य हक्कापुरते आहे, बाजारभावापर्यंत ते पोचत नाही. तरी दिल्लीत त्याची व्याप्ती लहान नाही. तेथे मुखत्यारपत्राच्या, म्हणजे पॉवर ऑफ ॲटर्नीच्या आधारे घरे विकण्याची पद्धत दशकानुदशके चालली. ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लॅम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा कागदांनी मालकी जात नाही असे ठणकावल्यावर असंख्य घरे ‘कच्च्या कागदांची’ ठरून स्वस्त झाली. पुढे २०१९ मध्ये १,७३१ अनधिकृत वसाहतींतील रहिवाशांना मालकीहक्क मान्य करण्याचा कायदा झाला. अशा वसाहतीतल्या ज्या वृद्धाला या कायद्याचा गंध नाही, त्याच्यापुढे ‘कागद कच्चे आहेत’ एवढेच बोलून भाव पाडणारा जाणकार हा कायद्याच्या भाषेतही निर्दोष राहत नाही, असे म्हणायला भक्कम आधार आहे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न भूमिकेचा आहे. दिल्लीतला डीलर दारात येतो तेव्हा बहुधा ‘माझ्याकडे पार्टी आहे’ असे म्हणतो, आणि ऐकणारा त्याला दलाल समजतो, म्हणजे दोन्ही बाजूंकडून टक्काभर घेऊन सौदा जुळवून देणारा. दलालाला आपला विश्वास देण्यात विकणाऱ्याची चूक नाही, कारण किंमत जितकी चढेल तितकी दलाली वाढते. पण तोच माणूस स्वतः किंवा आपल्या माणसाच्या नावे बयाना देतो तेव्हा त्याचे हित उलटे फिरते : आता भाव जितका पडेल तितका त्याचा लाभ. करार कायद्याची कलमे २१५ आणि २१६ या वळणावरच उभी आहेत. ज्याच्यासाठी काम करायचे त्याच्या नकळत प्रतिनिधीने स्वतःच्या खाती व्यवहार केला, तर मालकाला परिस्थितीनुसार तो व्यवहार नाकारता येतो किंवा त्यातला लाभ मागता येतो. २०१६ च्या रेरा कायद्याने, म्हणजे स्थावर मालमत्तेच्या नियमनाच्या कायद्याने, दलालांची नोंदणी आणली, परंतु ती नोंदणीकृत प्रकल्पांतील व्यवहारांशी बांधलेली असल्यामुळे जुन्या कोठ्यांचा, म्हणजे बंगल्यांचा, आणि गल्लीतल्या मजल्यांचा बाजार तिच्या बाहेरच राहिला. दुसरीकडे २०१८ च्या दुरुस्तीने विशिष्ट अनुतोष कायद्यातली, म्हणजे करार प्रत्यक्ष पुरा करून घेण्याविषयीच्या कायद्यातली, जुनी मोकळीक काढून घेतली, जिच्या बळावर करारामुळे एका बाजूला अन्याय्य फायदा मिळत असेल तर न्यायालय तो पुरा करवण्याचे नाकारू शकत असे. अडलेल्याच्या बाजूने उघडी असलेली एक खिडकी त्यामुळे बंद झाली, ही गोष्ट विधिज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारशी कोणाला जाणवली नाही.

नड शोधणारा आणि नड निर्माण करणारा यांच्यातली रेषा किती पुसट असू शकते, हे याच प्रदेशातल्या मानेसरच्या प्रकरणाने दाखवले. गुरुग्रामजवळच्या मानेसर, लखनौला आणि नौरंगपूर या गावांतली सुमारे ९१२ एकर जमीन सार्वजनिक कामासाठी संपादित करण्याचा इरादा हरियाणा सरकारने २७ ऑगस्ट २००४ रोजी जाहीर केला. संपादनात हाती येणारा मोबदला तुटपुंजा असेल या भीतीने शेतकरी आपल्या दारी आलेल्या खरेदीदारांना जमिनी विकत गेले, आणि पुढे निवाड्याच्या टप्प्यावर पोचलेले संपादन २४ ऑगस्ट २००७ रोजी सोडून देण्यात आले. केंद्रीय अन्वेषण विभागाने २०१५ मध्ये नोंदवलेल्या गुन्ह्यातला आरोप असा होता, की एकरी चार कोटींहून अधिक मोलाची सुमारे ४०० एकर जमीन अवघ्या शंभर कोटींच्या आसपास घेतली गेली, म्हणजे एकरी पंचवीस लाखांना. १२ मार्च २०१८ रोजी रामेश्वर विरुद्ध हरियाणा राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संपादन सोडण्याचा निर्णय हा अधिकाराचा कपटी वापर ठरवला, जमीन सार्वजनिक संस्थांकडे निहित केली, शेतकऱ्यांना मिळालेली रक्कम त्यांच्याकडून परत मागू नये असे सांगितले, आणि मध्यस्थांनी कमावलेला अनैसर्गिक लाभ पै-पैसह वसूल करण्याचा आदेश दिला. ‘अनैसर्गिक’ हे विशेषण नीतिशास्त्राच्या अभ्यासकाने जपून ठेवावे असे आहे. मानेसरचा धडा कौटिल्याच्या उपायालाही एक मर्यादा घालतो, कारण तेथे कोणी एकटा नव्हता. गावेच्या गावे एकाच भीतीखाली होती, शेजारी शेजाऱ्याला विकताना पाहत होता, आणि चाळीस काय, चारशे कुळांपुढे पुकारा केला असता तरी भाव चढला नसता. गावाला ठाऊक नसलेली गोष्ट एकच होती, की ज्या संकटाला भिऊन जमीन सोडायची ते संकट येणारच नाही.

महाराष्ट्राला हा अनुभव एका वेगळ्या रूपात आधीच आलेला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले गेले, आणि त्या दंग्यांच्या चौकशीतून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा निघाला, ज्याने न्यायालयाला सहीच्या मागे जाऊन व्यवहाराचा इतिहास मुळापासून तपासण्याचे अधिकार दिले. त्यानंतर वीस-एकवीस वर्षांनी, १९०० साली, पंजाबात जमीन हस्तांतरणाचा कायदा झाला, आणि दिल्ली जिल्हा तेव्हा पंजाबातच होता. परंतु त्या कायद्याने इतिहास तपासण्याऐवजी शेतकरी ठरवलेल्या जातींची जमीन इतरांना विकण्यावरच बंधन घातले. या दोहोंतला दख्खनचा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात माणसाला जातीने अज्ञ ठरवलेले नाही. सही करताना तो कोणत्या अवस्थेत होता, एवढेच विचारले आहे. सुप्याच्या दंग्यांच्या कितीतरी आधी तुकोबांनी आपल्या वाट्याचे कर्जरोखे इंद्रायणीत सोडले असे परंपरा सांगते. दुष्काळाने होरपळलेल्या घरच्या महाजनाने पाण्यात काय सोडले, याचा विचार केला तर ते केवळ येणे नव्हते. कोण केव्हा अडला होता याची लेखी माहिती, जिच्या जोरावर एखाद्याच्या दारी हक्काने जाता येते, ती त्यांनी सोडली.

मग अडलेल्याच्या दारी कोणी जाऊच नये का? असे म्हणणे त्या विधवेला तिच्या कर्जासह एकटी सोडणे होईल. जाणाऱ्याने काय घेऊन जावे हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर वर आलेल्या परंपरांतून बरेचसे स्पष्ट दिसते. त्याने स्वतः खरेदीदार आहे की दलाल, हे पहिल्या वाक्यात सांगावे. घर आपल्याला राहण्यासाठी नको असून पुढे द्यायचे आहे, हे लपवू नये. त्या गल्लीत अलीकडे काय भाव झाले ते सांगावे आणि आपण त्यातून घाईसाठी, धोक्यासाठी, कागदांच्या दोषासाठी किती वजा करतो हे मोकळेपणाने मांडावे. सहीआधी काही दिवस द्यावेत आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला विचारण्याचा आग्रह धरावा. यावर असा आक्षेप येईल, की एवढे केल्यावर नफा उरणार नाही. काही नफा नक्कीच उरणार नाही, आणि जो उरणार नाही तो नेमका अज्ञानाचा आणि एकटेपणाचा असेल. वेळेवर पैसा देण्याची, धोका पत्करण्याची किंमत तरीही मिळेल. सिसेरोने कर्तव्यांवरील ग्रंथात रोमचा विधिज्ञ क्विंटस स्काएवोला याची हकिगत दिली आहे. शेत घेताना त्याने विकणाऱ्याला एकच अखेरची किंमत सांगायला लावली, ती ऐकल्यावर आपल्या अंदाजाने शेताचे मोल अधिक आहे असे म्हटले, आणि एक लाख सेस्टर्सेस वाढवून दिले. सिसेरो नोंदवतो, की हे सज्जनपणाचे होते हे कोणीच नाकारत नाही, पण शहाणपणाचे नव्हते असे लोक म्हणतात, आणि सज्जनपण आणि शहाणपण अशी फारकत करण्यातच त्याला सगळ्या अनिष्टाचे मूळ दिसते. महाभारताच्या शांतिपर्वात वाराणसीचा वाणी तुलाधार, तपस्वी जाजलीला धर्म शिकवताना, आपला तराजू सर्व प्राण्यांसाठी सारखा आहे असे सांगतो; तोही दुकानात बसून हे सांगतो, दुकान सोडून नव्हे.

बयान्याच्या सौद्यात मध्यस्थ बहुधा स्वतःच्या नावे खरेदीखत करतच नाही. करारात ‘खरेदीदार किंवा तो नेमील ती व्यक्ती’ असे शब्द घातलेले असतात, म्हणून मुद्रांकशुल्क एकदाच भरावे लागते आणि शेवटचे खरेदीखत मूळ मालकाकडून थेट अखेरच्या खरेदीदाराच्या नावे होते. त्यामुळे उपनिबंधकाच्या कार्यालयात, जेथे दोन्ही पक्षांची छायाचित्रे काढली जातात आणि अंगठे उमटवले जातात, विकणारा आणि घेणारा पहिल्यांदा शेजारी उभे राहतात. घेणाऱ्याने किती मोजले हे विकणाऱ्याला ठाऊक नसते, विकणाऱ्याला किती मिळाले हे घेणाऱ्याला ठाऊक नसते, आणि त्यांच्यापैकी एकाने दुसऱ्याला सहज विचारले तर काय होईल, याची चिंता त्या खोलीत फक्त तिसऱ्याला असते.